पुतळ्याखालचं नाव

सुप्रभा गजभिये नक्की काय काम करते, हे कॉव्हेंट्रीतल्या मराठी मंडळींना कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. "हॉस्पिटलात आहे," एवढंच तिचा नवरा शशिधर सांगायचा, आणि ते इतक्या घाईनं सांगायचा की ऐकणाऱ्याला पुढचा प्रश्न सुचायच्या आत विषय हवामानावर गेलेला असायचा. इंग्लंडात विषय हवामानावर नेणं मुळीच अवघड नाही. मग कुणी समजायचं ती रिसेप्शनवर आहे, कुणी समजायचं अकाउंट्समध्ये. नागपूरला सासरे जगदीशराव तर शेजारीपाजारी 'सून नर्सच्या वरच्या पोस्टवर' असल्याचं सांगत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मुठीत होतं ते असं. सुप्रभा केअरर होती. सकाळी अंधारातच बस पकडायची आणि घरोघर जाऊन एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसांना अंथरुणातून उठवायची, आंघोळ घालायची, कपडे चढवायची, चहा-टोस्ट द्यायची. कुणाची चादर ओली झाली असेल तर तीही बदलायची, आणि ज्याची बदलली त्याला लाज वाटू नये म्हणून तेवढा वेळ त्याच्या मांजराबद्दल बोलत राहायची. तिचा एक नेम होता. थंड हातानं माणसाला शिवायचं नाही. इंग्रजांच्या जुन्या घरांत दोन वेगळे नळ असतात, एक भाजणारा आणि एक गोठवणारा. ती आधी स्वयंपाकघरात जाऊन भाजणाऱ्या नळाखाली हात धरायची आणि मग खोलीत शिरायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी कधी शाबासकीही दिली नव्हती.

नागपूरहून येताना ती बी.ए. होऊन आलेली होती. शशिधर एका कंपनीत सॉफ्टवेअरला. मुलीचं नाव पूर्वी, तेव्हा ती तीन वर्षांची. पूर्वी शाळेत जायला लागली आणि सुप्रभा घरात भिंतींशी बोलायला लागली. तो कंटाळा घालवायला म्हणून तिनं हे काम धरलं आणि धरलं ते तिला आवडलं. आवडतं, हे मात्र तिनं घरी कधी म्हटलं नाही. ज्या कामाला घरात नावच नाही, ते आवडतं म्हणून सांगायचं तरी कसं?

शशिधरला वाईट माणूस समजू नका. भांडी घासायचा, पूर्वीला पोहायला न्यायचा, बायकोच्या वाढदिवसाला स्वतः सावजी रस्सा करायचा आणि घरभर ठसका उठवायचा. पण या एका बाबतीत त्याचं गाडं अडायचं, आणि ते का अडायचं हे सुप्रभाला ठाऊक होतं. त्याचे आजोबा भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात गावची मेलेली ढोरं ओढायचे. ओढायचे म्हणजे ओढावीच लागायची. बाबासाहेबांनी सांगितलं, ही कामं सोडा. आजोबांनी सोडली. गावानं पाणी तोडलं तेव्हा बायकापोरं घेऊन नागपूर गाठलं आणि गिरणीत लागले. मुलगा शिकला, नातू त्याहून शिकला आणि कंपनीच्या व्हिसावर विमानात बसला. आणि त्याच घरातली सून इथे येऊन परक्यांची ओली अंथरुणं काढते, हे शशिधरच्या घशाखाली उतरत नव्हतं.

दोन हजार सहाच्या मार्चमध्ये तिच्या केअर एजन्सीनं सुप्रभाला कामासाठी एक नवं घर दिलं. पाक ओक-सून नावाची कोरियन बाई, अडुसष्टीची, शिडीवरून पडून खुबा मोडलेला, ऑपरेशन होऊन नुकतीच घरी आलेली. एजन्सीतल्या मुलीनं फोनवर दोन सूचना दिल्या. बाई कडक आहे. आणि कुत्रं आहे, मोठं.

सुप्रभाला कुत्र्याचं भय जास्त वाटलं. नागपूरच्या गल्लीतली कुत्री तिच्या पोटऱ्या ओळखून होती. दार उघडलं तर समोर कमरेएवढी उंच, हाडं मोजता येतील अशी ग्रेहाउंड कुत्री. शर्यतीतून काढून टाकलेली. नाव बोरी. कोरियन भाषेत बोरी म्हणजे सातू, आणि रंगही तसाच. ती भुंकली नाही, की तिनं हुंगलं नाही. सावकाश आली आणि सुप्रभाच्या मांडीला अंग टेकवून उभी राहिली. दमून आलेलं माणूस दाराच्या चौकटीला टेकतं तशी. सुप्रभा घाबरून जागची हलली नाही, आणि तेवढ्यात भीती कुठे गेली ते तिला समजलंही नाही.

ओक-सूनबाईचं मात्र तसं नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं टॉवेल गच्च धरून ठेवला.

"तीस वर्षं मी नर्स होते," ती म्हणाली. "आधी जर्मनीत, मग लग्न करून इथे. एवढ्या माणसांना पुसलं. स्वतःला पुसून घ्यायचं कसं ते नाही येत."

"मला पण नाही येणार," सुप्रभा म्हणाली. "टॉवेल तुम्हीच धरा. मी फक्त पाठ करते."

दोघींचं इंग्रजी दोन वेगवेगळ्या दिशांनी आलेलं, त्यामुळे एकमेकींचं त्यांना चटकन कळायचं. आठवडाभरात टॉवेल सुटला आणि पंधरवड्यात गॅरेजची किल्ली सुप्रभाच्या हातात आली.

गॅरेजमध्ये गाडी नव्हतीच. तिथे बायका होत्या, लाकडाच्या, माणसाएवढ्या. कौन्सिलनं पार्कातली झाडं तोडली की ओक-सून ते ओंडके मागून आणायची आणि पटाशी-मोगरीनं कोरायची. एक तिची आई होती, वाकून पाय धुणारी. एक वॉर्ड झाडणारी. एक शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणारी शेजारीण, जी घरी जखमी हेजहॉग, म्हणजे ती छोटी काटेरी जनावरं, सांभाळायची. ज्याची सेवा चाललेली असायची ते माणूस कोरलेलंच नसायचं. तिथे सालीसकट नुसता ओंडका. कोरलेली असायची ती फक्त बाई, तिच्या मानेच्या शिरांपर्यंत. जनावरं मात्र पुरती कोरलेली. शेपटीचा केस न् केस.

"माणसं अर्धी आणि जनावरं पूर्ण, असं का?" सुप्रभानं विचारलं.

"सेवा करून घेणाऱ्या माणसांचे पुतळे जगात ढीगभर आहेत. गावोगाव पुरुष घोड्यावर बसलेत. त्या घोड्याला पाणी कोण दाखवत होतं, तिचा पुतळा दाखव मला एक."

"आपल्या कॉव्हेंट्रीत तरी चौकात घोड्यावर बाई आहे, लोकांचा कर माफ व्हावा म्हणून गावातून फिरलेली."

"आहे ना. पण त्यासाठी तिला कपडे उतरवावे लागले," ओक-सून म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की बोरी उठून बसली.

बोरीच्या कानात शर्यतीचा नंबर गोंदलेला होता. ओक-सून तिचा कान हळूच उलटून म्हणाली, "बायका आणि ही कुत्री. पळतायत तोवर टाळ्या."

एप्रिलमध्ये ओक-सून काठी घेऊन चालायला लागली, आणि एक दिवस आंघोळ चालू असतानाच तिनं सांगून टाकलं. ऑक्टोबरात गावातल्या आर्ट गॅलरीत तिच्या सगळ्या बायकांचं प्रदर्शन होतं. एक जागा तिनं रिकामी ठेवली होती. तिथे तिला सुप्रभाला उभं करायचं होतं. केअरर म्हणून, पितळेच्या पाटीवर पूर्ण नाव घालून.

सुप्रभाच्या हातातला साबण निसटला. तिला आनंद झाला, चांगला गालापर्यंत झाला. इतकी वर्षं ती बंद दारांआड काम करत होती आणि त्या दारांबाहेर तिच्या कामाला तोंड नव्हतं. आता कुणीतरी ते लाकडात कोरणार होतं. पाठोपाठ शशिधरचा चेहरा आठवला आणि तो आनंद तिथेच थबकला.

त्या संध्याकाळी जेवताना तिनं विषय काढला. शशिधरनं घास खाली ठेवला.

"नाव घालून? गॅलरीत? सुप्रभा, मी इथल्या मंडळाचा सेक्रेटरी आहे. आपले लोक जातात तिथं वीकेण्डला. कुणी फोटो काढून नागपूरला पाठवला तर बाबांना काय सांगू?"

"खरं सांगा."

"काय खरं? माझ्या आजोबांनी ज्यासाठी गाव सोडलं तेच तू इथं येऊन करून राहिली, हे सांगू?"

"तेच नाही ते."

"लोकांना तेच दिसते."

पूर्वी बारा वर्षांची होती. तिचं मराठी घरापुरतं, आणि त्यातही नाम-सर्वनामांची रोज मारामारी. पण डोकं बापाचंच. ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "बाबा, I don't get it. आईचा नाव आहे. तुमचा थोडीच आहे?"

 शेवटी शशिधरनं त्याच्या परीनं वाट काढली. पुतळा होऊ दे, पण नाव नको, चेहराही ओळखू येईल असा नको. सुप्रभानं ही तडजोड दुसऱ्या दिवशी ओक-सूनपुढे ठेवली, आणि ठेवताना तिचं तिलाच कसंतरी वाटलं.

"बिननावाच्या बायका संग्रहालयांत भरपूर पडल्यात," ओक-सून म्हणाली. "मी त्यात भर घालणार नाही. नाव नाही तर पुतळा नाही. मे महिनाअखेरीपर्यंत सांग. नंतर ऑक्टोबरपर्यंत माझं कोरून नाही व्हायचं."

सुप्रभा 'हो'ही म्हणाली नाही आणि 'नाही'ही. रोज बसमध्ये ती आज सांगून टाकू असं ठरवायची आणि ओक-सूनच्या दाराशी उतरेपर्यंत ते ठरवणं विरून जायचं.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमा आली. मंडळाचा कार्यक्रम शनिवारी दुपारी, भाड्यानं घेतलेल्या कम्युनिटी हॉलमध्ये. खीर नेहमीप्रमाणे सुप्रभाकडे. पातेलंभर तांदळाची खीर, वेलची, चारोळी आणि बेदाणे अगदी सढळ हातानं. तिच्या आईची नागपूरला इंदोऱ्यात एक रीत होती. सुजातानं बुद्धाला खीर दिली ती एका उपाशी जिवाला, म्हणून पौर्णिमेच्या खिरीची पहिली वाटी मुक्या जिवाची. आई ती दारच्या कुत्र्याला घालायची, कधी गाईला. कॉव्हेंट्रीत सुप्रभा ती वाटी बागेच्या भिंतीवर ठेवायची आणि खारी ती सांडून टाकायच्या. या वर्षी मात्र तिच्याकडे हक्काचा मुका जीव होता.

शनिवारी सकाळी ती दोन डबे घेऊन ओक-सूनकडे गेली. ओक-सून न्हाणीघरात स्टुलावर बसून लवकर ये म्हणून ओरडत होती. सुप्रभानं आधी बोरीची वाटी भरली, वर आणखी चार बेदाणे पेरले आणि ती वाटी तिच्यापुढे ठेवली. बोरीनं वाटी चाटून लख्ख केली आणि शेपूट हलवली, जी ती सहसा हलवत नसे. ओक-सूननं आंघोळीनंतर आपली वाटी खाताना ही पहिल्या वाटीची रीत ऐकली आणि हसली. "आमच्याकडे बुद्धाचा वाढदिवस गेल्या आठवड्यातच झाला," ती म्हणाली. "बोरीला दोनदा साजरा करायला मिळाला."

दुपारी हॉल भरला होता. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, समोर मेणबत्त्या. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. पहिलं शील जीवहत्या न करण्याचं. सुप्रभानं ते हात जोडून म्हटलं, लहानपणापासून म्हणत आली तसंच, आणि वंदना संपते न संपते तोच पर्समधला फोन थरथरला.

ओक-सून होती.  बोरी सारखी ओकत होती, आता उठतही नव्हती. तिनं व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला, फोन केला होता. काय खाल्लं विचारलं तर खीर सांगितली. खिरीत काय, तर बेदाणे. व्हेट म्हणाला, बेदाणे कुत्र्याला विषासारखे, मूत्रपिंडं जातात, लगेच घेऊन या. पण ओक-सूनला ती उचलवत नव्हती. टॅक्सीवाला आजारी कुत्रं घ्यायला तयार नव्हता आणि शेजारीण गावाला गेलेली.

करायला गेली एक अन् झालं भलतंच.  त्याच खिरीचं पातेलं तिच्यासमोर होतं, आणि लोक द्रोण घेऊन रांगेत उभे राहायला लागले होते. तिला गाडी चालवता येत नव्हती. ती तशीच, वाटायची पळी हातात घेऊन, शशिधरकडे गेली.

"अहो, गाडी काढा. आत्ता."

"आत्ता? अगं, खीर वाटायची आहे."

शेजारी मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर वासनिक आणि त्यांच्या पत्नी अर्चनाताई. सुप्रभाचा पांढरा पडलेला चेहरा पाहून अर्चनाताईंनी तिचा दंड धरला. "काय झालं? हॉस्पिटलातून फोन का?"

"हो, हो," शशिधर झटकन म्हणाला. "इमर्जन्सी आहे थोडी."

झालं. एवढ्यावर निघता आलं असतं. पण डॉक्टर वासनिक म्हणजे मदतीला तत्पर माणूस. त्यांनी खिशातून फोन काढला. "कोणत्या डिपार्टमेंटला असता वहिनी तुम्ही? मी तिथल्या सगळ्यांना ओळखतो. सांगा, आत्ता फोन लावतो. सणाच्या दिवशी कशाला बोलावतात?"

 आता शशिधरला हवामानही सुचेना. सुप्रभानं एकदा त्याच्याकडे पाहिलं. तिला त्याची दया आली आणि स्वतःचा फार कंटाळा आला. तिकडे एक जीव तिच्या हातच्या खिरीनं तडफडत होता आणि इकडे ती डिपार्टमेंटचं नाव शोधत उभी होती.

"मी हॉस्पिटलात नाही, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. माइक शेजारीच चालू होता, त्यामुळे ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. "कधीच नव्हते. मी केअरर आहे. लोकांच्या घरी जाते, म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालते, त्यांचं सगळं करते. माझ्या एका बाईंच्या कुत्रीला मी आज खीर घातली. बेदाण्यांनी तिला विषबाधा झाली. ती मरेल. मला जायचं आहे."

रांगेतले लोक द्रोण हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. शशिधर जमिनीकडे पाहत होता. सुप्रभाला वाटलं, आता हे सगळे असेच उभे राहणार. पण अर्चनाताईंनी तिच्या हातातली पळी काढून घेतली.

"अगं मग उभी काय राहिलीस? जा ना! खीर मी वाटते. आणि काय हो," त्या शशिधरकडे वळल्या, "गाडीची किल्ली काय पुढच्या पौर्णिमेला काढणार?"

 गाडीत सुप्रभा पदरानं डोळे पुसत होती. रिंग रोडवर आल्यावर शशिधर म्हणाला, "सगळ्यांसमोर सांगितलं तू."

"हो. सगळ्यांसमोर."

"मला आधी सांगायचं होतं तू."

"तुम्हाला तर ठाऊकच होतं." ती खिडकीकडे पाहत बोलत राहिली. "आजोबांना नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ते सोडलं. बरोबर केलं. मला नाही म्हणता येते, रोज येते. तरी मी जाते. कारण मला ते जमते आणि ते कुणीतरी करायला पाहिजे. यात आजोबांचा काय अपमान आहे, ते तुम्ही मला एकदा समजावून सांगा."

 सिग्नल हिरवा झाला तरी शशिधर क्षणभर तसाच बसला, आणि मागच्यानं हॉर्न दिला.

ओक-सून दारातच काठीवर उभी होती. स्वयंपाकघरात फरशीवर बोरी आडवी पडली होती, तोंडाशी फेस, भोवती ओकारी, डोळे अर्धवट. सुप्रभानं साडीचा पदर खोचला, टॉवेल बोरीच्या पोटाखालून सरकवला आणि गुडघे टेकून तिची मान आणि छाती आपल्या हातांवर घेतली.

"मागून धरा," ती म्हणाली.

शशिधर दाराशी थांबला. पांढराशुभ्र शर्ट, बाह्यांना इस्त्री. जमिनीवर पडलेल्या त्या लांब जनावराकडे तो बघत राहिला, आणि त्याला काय दिसतंय ते सुप्रभाला न सांगता कळलं. तिनं पुन्हा म्हटलं नाही. तो नसता आला तर ती एकटीच फरफटत का होईना नेणार होती, पण तिनं त्याला वेळ दिला.

"जिवंत आहे ना?" त्यानं विचारलं.

"आहे."

त्यानं बाह्या वर सारल्या, ओल्या फरशीवर गुडघे टेकले आणि बोरीच्या मागच्या अंगाखाली दोन्ही हात घातले. "चल," तो म्हणाला, "एकदम उचलू." दोघं तिला घेऊन अरुंद पॅसेजमधून बाहेर पडली, ती पुढे, तो मागे. ओक-सून भिंतीला चिकटून वाट देत होती आणि डोळे फाडून पाहत होती.

बोरी वाचली. काही दिवस व्हेटकडे सलाइनवर राहिली आणि आधीपेक्षा हाडकुळी होऊन घरी आली. मधल्या दिवसांत ओक-सून सुप्रभाशी एक शब्द बोलली नाही. दार उघडायची, आंघोळ घालून घ्यायची, दार लावायची. तिला राग आला होता आणि तो झाकायची तिची रीत नव्हती. सुप्रभानंही सारवासारव केली नाही. फक्त माफी मागितली आणि रोज वेळेवर गेली. बोरी घरी आली, सुप्रभाच्या मांडीला टेकून उभी राहिली, तेव्हा कुठे ओक-सून बोलली.

"खीर चांगली होती. पुढच्या वेळी बेदाणे काढून आण."

सुप्रभाला रडू आलं आणि हसूही. मग ती म्हणाली, "पाटीवर नाव घाला. सुप्रभा गजभिये. स्पेलिंग मी सांगते."

हे तिनं घरी विचारलं नव्हतं. संध्याकाळी नुसतं सांगितलं. शशिधर पूर्वीचं गणित बघत होता. "बरं," एवढंच म्हणाला आणि गणिताकडे वळला. हॉलमधल्या त्या दुपारनंतर त्याला मंडळातल्या कुणी टोचून बोललं नव्हतं. उलट अर्चनाताईंनी आपल्या सासूबाईंना कसं उठवावं म्हणून सुप्रभाला दोनदा फोन केला होता. पण तो गप्प झाला होता, आणि त्या गप्प राहण्यामागे राग आहे की आणखी काही, हे सुप्रभाला ओळखता येईना. उन्हाळाभर तिच्या मनाला ते लागून राहिलं.

ओक-सूननं तिला एकदाही समोर उभं केलं नाही. खुबा बरा झाल्यावर एजन्सीचं काम संपलं, तरी सुप्रभा शनिवारी जायची, बोरीला फिरवायची, गॅरेजमधून मोगरीचा ठकठक आवाज ऐकायची. आत जायला तिला बंदी होती.

ऑक्टोबरात प्रदर्शन उघडलं. अर्चनाताईंनी अर्धं मंडळ गोळा करून आणलं होतं. शशिधर येईल की नाही याची सुप्रभाला सकाळपर्यंत खात्री नव्हती. तो आला, कोट घालून, आणि दारातल्या लाकडी बायकांपासून सुरुवात करून एकेक पाटी वाचत सावकाश पुढे सरकू लागला. सुप्रभाला धीर धरवेना. ती सरळ टोकाला गेली.

ती तिथे होती. गुडघ्यांत वाकलेली, पदर खोचलेला, ओठ घट्ट मिटलेले. सुंदर नव्हती. जड उचलताना बाई जशी दिसते तशीच दिसत होती. तिच्या हातांवर बोरी, कानातल्या गोंदलेल्या नंबरासकट पुरती कोरलेली. आणि बोरीच्या मागच्या अंगाखाली आणखी दोन हात होते, पुरुषाचे, कोपरापर्यंत, वर सारलेल्या बाह्यांना पांढरा रंग. कोपरापुढे माणूस नव्हता. सालीसकट ओंडका. खाली पाटी: सुप्रभा गजभिये, केअरर.

मंडळी जमली. सगळे एकदम बोलायला लागले. डॉक्टर वासनिकांनी चष्मा वर करून ते मागचे हात न्याहाळले आणि विचारलं, "हे कुणाचे बुवा?"

शशिधर त्यांच्या मागे येऊन उभा राहिला होता. सुप्रभानं वळून पाहिलं नाही. तिला पाहायची भीती वाटली.

"माझे," तो म्हणाला.

 मग कुठलीही घाई न करता सांगायला लागला. "ती पुढून धरून होती, मी मागून. तिचं कामच आहे ते. म्हाताऱ्या माणसांना उठवते, आंघोळ घालते, भरवते. ज्यांचं करायला कुणी नाही त्यांचं करते. केअरर आहे ती. पहिल्यापासून. काल बाबांना पण फोन करून सांगितलं."

सुप्रभा लाकडातल्या स्वतःकडे बघत उभी होती आणि तिला समोरचं नीट दिसत नव्हतं. ओक-सून काठी टेकत तिच्याजवळ आली. तिला मराठी कळत नव्हतं. तिनं शशिधरकडे हनुवटीनं खूण केली.

"काय म्हणतोय तो?"

"माझं काम सांगतोय," सुप्रभा म्हणाली.